दोन मिनिटांत मिळालेलं औषध

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९९६ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं. पण मी बोलणार आहे ते औषधाच्या दुकानाबद्दल. मघाशी नाश्त्याच्या रांगेत उभी होते तेव्हा पाहिलं, निम्म्या वर्गानं बिनसाखरेचा चहा मागितला आणि चार जणांनी खिशातून गोळी काढून आधी ती घेतली. त्यामुळे विषय कुणाला परका वाटणार नाही.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण इथे कसब्यातच एका गल्लीत जनऔषधी केंद्र चालवते. तिनं बजावलं आहे की माझं नाव घ्यायचं नाही, म्हणून घेत नाही. तुम्ही ओळखालच. बारावीनंतर आम्ही काही जणी इंजिनिअरिंगला गेलो आणि ती डी.फार्म.ला गेली. तेव्हा आमच्यात एक वाक्य फिरत होतं, "तिचा नंबर लागला नाही." ते वाक्य मीही म्हटलं होतं. पुढे जे सांगणार आहे त्याची सुरुवात तिथे आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला संधिवाताचं निदान झालं. डॉक्टरांनी नवीन औषधं सुरू केली. संध्याकाळी मी ती चिठ्ठी घेऊन आपल्या मैत्रिणीच्या केंद्रात गेले. म्हटलं, स्वस्त पडेल आणि तिला धंदाही होईल. उपकार करायला गेल्यासारखीच गेले होते. तिनं चिठ्ठी उजेडात धरून दोनदा वाचली आणि म्हणाली,

"ही सगळी ब्रँडची नावं आहेत. या नावांची औषधं माझ्याकडे नाहीत. आणि यांच्या बदल्यात दुसरी मी माझ्या मनानं देऊ शकत नाही."

"अगं, जनऔषधी म्हणजे तेच ना? तेच औषध, स्वस्तात?"

"औषध तेच असेल. पण डॉक्टरांनी मूळ नाव लिहून द्यायला हवं. त्यांना फोन कर, चिठ्ठी बदलून घे. आणि येताना काकूंना घेऊन ये. यातलं एक औषध कसं घ्यायचं ते मला त्यांच्याशी समोर बसून बोलायचंय."

मला साडेसहाला परदेशातल्या लोकांशी मीटिंग होती. मी म्हटलं, "एवढा वेळ नाहीये गं मला." ती म्हणाली, "मग मला नाही देता येणार." मी पायऱ्या उतरताना मनात म्हटलं, दोन वर्षांचा डिप्लोमा आणि तोरा केवढा!

घरी जाताना वाटेत दुसऱ्या भागातलं एक दुकान लागलं. काउंटरवर एक मुलगा होता, वीस-बावीस वर्षांचा. त्यानं चिठ्ठी पाहिली, पट्ट्या काढल्या, प्रत्येकीवर बॉलपेननं काहीतरी लिहिलं, बिल दिलं. दोन मिनिटं लागली. मला फार बरं वाटलं. सेवा असावी तर अशी, असंही वाटलं.

आठ-नऊ दिवसांनी आई एकटीच मैत्रिणीच्या केंद्रात गेली, रक्तदाबाची गोळी आणायला. ती गोळी तिला जुनीच, मूळ नावानं लिहिलेली. मैत्रिणीनं गोळी दिली आणि विचारलं, "काकू, ती नवीन औषधं मिळाली का? कशी घेताय?" आई म्हणाली, "घेते गं नियमानं, रोज एकेक. तोंडात फोड आलेत तेवढे. उष्णता झाली असेल, सब्जा पितेय."

आमची मैत्रीण काउंटरच्या बाहेर आली. आईला खुर्चीवर बसवलं आणि कापडी पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढायला सांगितल्या. एका पट्टीवर मेथोट्रेक्सेट लिहिलेलं होतं आणि त्यावर बॉलपेननं "रोज १".

जे डॉक्टर इथे बसले आहेत त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता जे उमटलं ते मला दिसलं. बाकीच्यांसाठी सांगते. हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. मोठ्या प्रमाणात ते कर्करोगावर वापरतात. रोज घेतलं तर ते अस्थिमज्जेवर आघात करतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. तोंडात फोड येणं ही त्याची सुरुवातीची खूण. आठवड्याचं औषध रोज घेतलं जाण्याची ही चूक जगभर पुन्हापुन्हा झालेली आहे आणि माणसं गेलेली आहेत. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी देतात. त्या मुलानं दोन्ही पट्ट्यांवर तेच लिहिलं होतं.

मैत्रिणीनं आईसमोरच डॉक्टरांना फोन लावला, मग मला. मला ती एवढंच म्हणाली, "गोळी बंद. आत्ता निघ." आई नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली गेल्या होत्या. उतारा म्हणून इंजेक्शनं द्यावी लागली. ती बरी झाली. आज मी हे इथे सांगणार आहे हे तिला माहीत आहे.

डॉक्टरांची चिठ्ठी मी हॉस्पिटलमध्ये रात्री काढून वाचली. "आठवड्यातून एकदा" असं त्यावर लिहिलेलं होतं. अक्षर वाईट होतं, पण लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. आपल्या प्रयोगशाळेत बाई बाटली उचलायच्या आधी लेबल मोठ्यानं वाचायला लावायच्या. आपण हसायचो.

मग मी दुकानाचं बिल काढलं. त्यावर खाली नोंदणीकृत फार्मासिस्टचं नाव छापलेलं होतं, नोंदणी क्रमांकासकट. त्या नावाचं कुणी त्या संध्याकाळी दुकानात नव्हतं. आणि ते छापील नाव पाहून मला घाम फुटला. कारण अशी ओळ मी स्वतः एकदा बनवली होती.

२००२ साली मला पहिली नोकरी लागली, आठ-दहा जणांच्या एका छोट्या कंपनीत. आम्ही औषध दुकानांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर लिहायचो. त्यात विक्री कुणाच्या देखरेखीखाली झाली त्या फार्मासिस्टचं नाव प्रत्येक वेळी निवडावं लागायचं. एका दुकानदारानं सांगितलं, "मॅडम, हे दर वेळी कशाला विचारता? एकदा भरलं की आपोआप छापलं जाऊ दे." मी अर्ध्या तासात ती सोय करून दिली. ग्राहक खूश, साहेब खूश. ते नाव तिथे का विचारलं जातं, हा प्रश्न मला पडला नाही. आईच्या बिलाचं सॉफ्टवेअर माझं नव्हतं. पण कुणीतरी माझ्यासारखंच ते लिहिलं असणार.

आई घरी आल्यावर मी आपल्या मैत्रिणीकडे गेले. माफी मागायचीच होती, पण तिनं ती मागू दिली नाही. म्हणाली, "बस. कायदा वाच." आणि कडा झिजलेलं एक पुस्तक पुढे ठेवलं. पुढचे काही रविवार मी तिच्याकडे बसून वाचत होते. जे समजलं ते थोडक्यात सांगते, कारण ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

पहिला कायदा १९४८ चा, फार्मसी अधिनियम. त्याचं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. दुसरा १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम. त्यातला ६५ वा नियम म्हणजे दुकानाच्या परवान्याच्या अटी. चिठ्ठीवरची विक्री फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली हवी. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी. मुदत संपलेलं औषध विकायचं नाही. शेड्यूल एच-१ मधली औषधं, म्हणजे काही प्रतिजैविकं, क्षयरोगाची आणि सवय लागू शकणारी औषधं, २०१४ पासून वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. शासकीय रुग्णालयांसाठी किंवा कामगार विमा योजनेसाठी आलेला माल आणि डॉक्टरांना मिळालेले मोफत नमुने दुकानात ठेवायचेसुद्धा नाहीत. गरिबांसाठी सरकारनं घेतलेलं औषध मागच्या दारानं काउंटरवर येऊ नये, यासाठी ही अट.

आणि याच नियमात ती अट आहे, जिच्यावरून मी तिच्याशी भांडले होते. चिठ्ठीत शेड्यूल एच किंवा एक्स मधलं औषध असेल तर त्याच्या जागी दुसरं कुठलंही देता येत नाही, आत तोच घटक असला तरी. मला हे विचित्र वाटलं. एकीकडे सरकार २००८ पासून जनऔषधी दुकानं काढतं, आज देशभर अशी हजारो केंद्रं आहेत आणि दुसरीकडे डॉक्टरांनी ब्रँड लिहिला तर त्याच केंद्रातल्या फार्मासिस्टचे हात बांधलेले. डॉक्टरांच्या बाजूनंही गाडं अडलेलं आहे. मूळ नावानं औषध लिहावं, असं त्यांच्या आचारसंहितेत आहेच. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २ ऑगस्ट २०२३ ला त्यासाठी कडक नियमावली काढली, डॉक्टरांच्या संघटनांनी औषधांच्या दर्जाचा प्रश्न उभा केला आणि २३ ऑगस्टला ती नियमावली स्थगित झाली. तीनच आठवडे टिकली.

मी मैत्रिणीला म्हटलं, "मग तू दे ना बदलून. सगळेच देतात."

ती म्हणाली, "देतात. मलाही वाटतं हा नियम बदलावा. पण तो दिल्लीत बदलू दे. मी तो काउंटरवर बदलला तर उद्या दुसरा नियमही बदलेन. आणि बदलून देताना नेमकं काय चुकतं माहितीये? एकाच नावाच्या दोन गोळ्या असतात, एक लगेच विरघळणारी, एक दिवसभर हळूहळू सुटणारी. एकाच ब्रँडमध्ये दोन औषधं एकत्र असतात. थायरॉइडच्या गोळीत पंचवीस आणि पन्नासचा फरक असतो. मी डॉक्टरांना फोन करते. अर्धे उचलत नाहीत. जे उचलतात ते नवीन चिठ्ठी देतात. तसं गिऱ्हाईक मग माझ्याकडे कायमचं येतं."

आता पैशाची गोष्ट. जनऔषधी केंद्र चालवणाऱ्याला कर वगळून छापील किमतीच्या २० टक्के मिळतात. ऐकायला बरं वाटतं. पण औषधच दहा रुपयांचं असेल तर मिळतात दोन रुपये. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या नियमावलीप्रमाणे फार्मासिस्टनं पांढरा कोट घालून, नावाची पट्टी लावून, रुग्णाशी स्वतःहून बोलायचं असतं. औषध कशासाठी, किती, केव्हा, कशासोबत नको, दुष्परिणाम कोणते, एखादी मात्रा चुकली तर काय करायचं, ठेवायचं कुठे. हे सगळं सांगायला शंभर रुपयांच्या पट्टीला जेवढा वेळ लागतो तेवढाच दहाच्या पट्टीला लागतो. औषध स्वस्त झालं म्हणून बोलणं स्वस्त होत नाही. उलट स्वस्त औषध घ्यायला जो येतो, त्याच्यामागे घरी चिठ्ठी वाचणारं कुणी असेलच असं नाही.

मी तिला विचारलं, "तुला परवडतं हे?" ती म्हणाली, "महिन्याअखेरीला विचार." मग थोडं थांबून म्हणाली, "काकूंच्या गोळीवर मला एक रुपयाही मिळाला नव्हता. ती मी विकलेलीच नव्हती. तरी विचारायला हवं होतं ना?"

आपण शाळेत येताना तांबट आळीतून यायचो. हातोड्यांचा आवाज आठवतो? घरी पितळेची पातेली होती तेव्हा कल्हईवाला दारात यायचा. कल्हई नीट झाली नसेल तर ताक, आमटी कळकायची. वरून पातेलं चकचकीतच दिसायचं. चांगल्या कल्हईवाल्याची ओळख त्याच्या भावावर नव्हती, आतून हात फिरवल्यावर होती. औषधाच्या दुकानाचा चकचकीतपणा, आपोआप छापलेलं बिल, दोन मिनिटांची सेवा हे मला बाहेरून पातेलं पाहण्यासारखं वाटतं. आत कुणी हात फिरवलाय का, हे मी त्या दिवशी पाहिलं नाही.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, २०१२-१३ च्या सुमारास महेश झगडे राज्याचे अन्न व औषध आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसेल तर कारवाई होऊ लागली. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकानं बंद ठेवली होती. त्या बंदच्या दिवशी मला मुलीसाठी तापाचं औषध मिळेना तेव्हा मी ऑफिसमध्ये म्हणाले होते, "कशाला हा नियमांचा बाऊ?" आज ते आठवलं की लाज वाटते. दुकानदारांची अडचण खोटी नव्हती. सकाळी आठ ते रात्री अकरा एक फार्मासिस्ट पुरत नाही आणि दोन परवडत नाहीत. पण त्यावर आपण सगळ्यांनी मिळून जो तोडगा काढला तो काय? भिंतीवर प्रमाणपत्र, बिलावर नाव आणि काउंटरवर तो मुलगा. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ज्यांनी शिकून नाव भाड्यानं दिलं, ज्यानं ते छापायची सोय करून दिली आणि जिला दोन मिनिटांत औषध हवं होतं, अशा आम्ही सगळ्यांनी त्याला तिथे उभं केलं.

माझ्या व्यवसायात मला कुठल्याही परिषदेकडे नाव नोंदवावं लागलं नाही. माझ्या कामाखाली माझी सही नसते. काही चुकलं तर आम्ही त्याला बग म्हणतो आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. आपल्या मैत्रिणीचं नाव महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेच्या नोंदवहीत आहे. तिनं कायदा मोडला तर ते नाव तिथून काढलं जाऊ शकतं. आमच्यात नंबर कुणाचा लागला नाही, याचा मी हल्ली वेगळा विचार करते.

त्या प्रसंगानंतर मी एवढंच करू शकले: आता कुठल्याही कामात "हे आपोआप होऊ दे" असं कुणी म्हटलं की मी विचारते, इथे माणसाला का थांबवलं होतं? कधी कधी कारण काहीच नसतं आणि आम्ही ती पायरी काढून टाकतो. कधी कारण निघतं. मग माझं आणि साहेबांचं वाजतं.

तुमच्याकडे माझी चार साधी मागणी आहेत. आपल्या वर्गात जे डॉक्टर आहेत त्यांनी औषधाचं मूळ नाव ठळक, सुट्या अक्षरांत लिहावं आणि आठवड्याच्या औषधापुढे वारसुद्धा लिहावा. आईच्या चिठ्ठीवर आता "फक्त रविवारी" असं असतं. दुसरं, दुकानात गेल्यावर विचारा, "फार्मासिस्ट कोण आहेत?" परवाना दर्शनी भागात लावलेला असलाच पाहिजे, तो पाहा. विचारण्यात कुणाचा अपमान नाही. तिसरं, बिल घ्या आणि पट्टीवरचा बॅच क्रमांक त्याच्याशी ताडून पाहा. औषधाच्या दर्जाबद्दल शंका असेल तर शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून ते तपासून घेण्याचा हक्क कायद्यानं तुम्हाला आहे. जनऔषधीच्या मालाची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते, त्यामुळे स्वस्त म्हणून घाबरू नका. मात्र स्वस्त मिळतं म्हणून न विचारताही घेऊ नका. आणि चौथं, बाई आणि सर, तुमच्यासाठी. तुमच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून एकदा आपल्या मैत्रिणीकडे घेऊन जा. तिच्याकडून काही विकत घ्यायलाच हवं असं नाही.

ती आज उशिरा आली, तुम्ही पाहिलंत. सकाळी मी तिला फोन केला होता की उद्घाटनाला तरी ये, हाताखालचा मुलगा तासभर दुकान सांभाळेल. ती म्हणाली, "सांभाळेल गं, पण औषध देऊ शकणार नाही ना." दुपारी एकला तिनं शटर खाली ओढलं, बाहेर "चार वाजता उघडेल" अशी पाटी लावली आणि मग आली. आता साडेतीन होत आले आहेत. तिला निघायचं आहे, म्हणून मीही थांबते.